क्रियापदापाशी अडलेले बोलणे: एका नॉनबायनरी प्रौढाचे प्रकरण

ओळख पटू शकेल असे सर्व तपशील या टिपणात बदलले आहेत आणि ज्यांच्याविषयी ते आहे त्यांनी ते वाचून संमती दिली आहे. त्यांना येथे 'क्ष' म्हटले आहे. क्ष नॉनबायनरी आहेत, म्हणजे ते स्वतःला स्त्रीही मानत नाहीत आणि पुरुषही नाही. त्यांच्यासाठी आदरार्थी 'ते' वापरले आहे. हे 'ते' व्याकरणाने पुल्लिंगी अनेकवचन आहे याची आम्हा दोघांनाही कल्पना आहे. 'त्या' त्यांना नको होते, नपुंसकलिंगी एकवचन तर मुळीच नको होते, म्हणून उरलेल्यांतले सर्वांत कमी टोचणारे रूप क्ष यांनी स्वतः निवडले. हा खुलासा शिष्टाचारापुरता नाही. प्रकरणाचा गाभाच त्यात आहे.

तक्रार

जून 2022 मध्ये एका फिजिशियनच्या चिठ्ठीवरून क्ष माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. वय 31, जन्माच्या वेळी नोंद मुलगी अशी, मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, पुण्यात नोकरी, राहणे एकट्याने. चिठ्ठीत लिहिले होते की बोलताना घसा आवळतो, धाप लागते, छातीत धडधडते. ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक आहे, कान-नाक-घसा तज्ज्ञांना काही आढळलेले नाही. शेवटी एकच शब्द होता, 'ताण', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

क्ष सहा वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत इंग्रजीतून माहितीपुस्तिका लिहीत होते. जानेवारीत बढती मिळाली आणि कामाचे स्वरूप बदलले: तालुक्याच्या गावी जाऊन, पतसंस्थांमध्ये काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना तीन-तीन तास मराठीतून प्रशिक्षण द्यायचे. फेब्रुवारीतल्या दुसऱ्याच सत्रात, वीसेक माणसांसमोर, त्यांचा आवाज मध्येच बसला. पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा बसला. मार्चपासून सत्राच्या आदल्या रात्री झोप लागेनाशी झाली, एप्रिलमध्ये दोन सत्रे आयत्या वेळी रद्द केली, मे महिन्यात राजीनाम्याचा मसुदा तयार होता. जेवण कमी झाले होते आणि सुट्टीचा सगळा दिवस अंथरुणात जात होता.

पहिल्या भेटीतल्या मोजमापात नैराश्याच्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीवर 27 पैकी 14 आणि चिंतेच्या जीएडी-7 प्रश्नावलीवर 21 पैकी 16 गुण आले; दोन्हींत गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याचा असतो; त्याचे उत्तर शून्य नव्हते. त्यावर स्वतंत्रपणे बोलणे झाले. योजना किंवा तयारी नव्हती, 'सकाळी उठूच नये' इतपतच विचार होता. तरीही असा विचार वाढला तर कुणाला फोन करायचा, रात्र कुणाकडे काढायची, हे त्याच दिवशी कागदावर लिहून घेतले आणि एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ ठरवली. त्यांनी एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्य आणि चिंतेवरचे औषध सुरू केले.

वरवर पाहता हे सामाजिक भयगंडाचे चित्र होते, पण त्यात एक गोष्ट बसत नव्हती. त्याच महिन्यांत क्ष दर आठवड्याला चाळीस जणांच्या बैठकीत इंग्रजीतून बोलत होते, प्रश्नांना उत्तरे देत होते, विनोदही करत होते, आणि तिथे घशाला काही होत नव्हते. माणसांची भीती असती तर तिने भाषा पाहिली नसती.

माझी चूक

दुसऱ्या भेटीत क्ष बोलता बोलता म्हणाले, 'मी घरी गेलो की बरा असतो.' लगेच थांबले, ओशाळल्यासारखे झाले आणि पुढचे वाक्य अर्धवट सोडले. मी मूळची अमरावतीची. ते 'गेलो' ऐकून मी मनात एक निष्कर्ष काढून मोकळी झाले की समोर ट्रान्स पुरुष आहे आणि सांगायला बिचकतो आहे. पुढची पंधरा मिनिटे माझे प्रश्न त्याच दिशेचे होते: पुरुष म्हणून जगावेसे कधीपासून वाटते, हार्मोन्सचा विचार केला आहे का. क्ष यांची उत्तरे एकेका शब्दाची होत गेली. शेवटी ते म्हणाले, 'मॅडम, तो पुरुषाचा "गेलो" नाही. आमच्या आज्जीचा "गेलो" आहे.'

कोल्हापूर-सांगलीकडे बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असेच बोलतात हे पुण्यातल्या अनेकांना ठाऊक असते. मला ऐकीव माहिती होती, पण त्या क्षणी ती आठवली नाही. क्ष यांची आजी 'मी मळ्यात जातो' म्हणायची, आई तसेच म्हणते, शेजारच्या काकू, शाळेच्या बाई, सगळ्याच. म्हणजे घरात आणि गल्लीत प्रथमपुरुषी क्रियापद सर्वांना एकच होते. आजोळ कर्नाटकातल्या चिकोडीकडचे, तिथे कन्नड बोलत, आणि कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगच नसते. अठराव्या वर्षी पुण्यात शिकायला येईपर्यंत 'मी' म्हटल्यावर पुढे आपण बाई की पुरुष हे सांगावे लागते, हा प्रश्न क्ष यांना पडलाच नव्हता. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात खोलीतल्या मुली हसल्या. 'जातो काय, जाते म्हण.' त्यात दुष्टपणा नव्हता, गावाकडच्या मुलीला शहाणे करण्याचा उत्साह होता. क्ष यांनी महिनाभरात भाषा सुधारली, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'पुण्यात येऊन मला बाई करण्यात आलं, ते पण रोज, प्रत्येक वाक्यात.'

मी माफी मागितली. ती त्यांनी लगेच स्वीकारली नाही, आणि ते रास्त होते. चोविसाव्या वर्षी त्यांच्या मामांनी त्यांना एका डॉक्टरांकडे नेले होते. त्या डॉक्टरांनी न विचारताच हार्मोन्सच्या तपासण्या लिहून दिल्या आणि 'लग्न झालं की सगळं जागेवर येतं' असा सल्ला दिला. त्यामुळे माझ्या खोलीत शिरतानाच क्ष यांच्या मनात एक प्रश्न तयार होता: ही बाई मला कशात बदलणार? डॉक्टरांना त्यांना बाई करायचे होते. मी, भल्या हेतूने का होईना, पुरुष करायला निघाले होते.

स्वतःकडे पाहणे

बालपणाविषयी क्ष फार बोलले नाहीत आणि मीही खणले नाही. चौथीपर्यंत केस वडिलांबरोबर न्हाव्याकडे कापले जात. बाराव्या वर्षी न्हाण आले, नवी साडी नेसवून ओटी भरली, गल्लीतल्या बायका जेवल्या. त्या दिवसाविषयी क्ष म्हणाले की पाटावर दुसरेच कुणी बसले होते आणि सगळे त्याला माझ्या नावाने हाक मारत होते. 'नॉनबायनरी' हा शब्द त्यांना सत्ताविसाव्या वर्षी, फोनवर काही वाचताना, सापडला. त्याआधी शब्द नव्हता, पण जाणीव होती. आपण स्त्री नाही हे जितके स्पष्ट होते तितकेच पुरुष नाही हेही. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, अर्धे-अर्धे, असे वर्णन त्यांना मान्य नव्हते. 'मधे असायला तो रस्ता माझा असायला पाहिजे ना?' इथे मी अर्धनारीनटेश्वराचा दाखला देऊन पाहिला. मराठी समुपदेशकांना तो देण्याची सवयच लागली आहे. क्ष यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, 'देवाला वीज बिलाच्या फॉर्मवर खूण करावी लागत नाही.' त्यानंतर मी तो दाखला कुणालाही दिलेला नाही.

म्हणजे ओळखीविषयी संभ्रम नव्हता, आणि हे निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. ओळख पक्की नसल्यामुळे त्रास होतो आहे असे गृहीत धरले की उपचार ओळख पक्की करण्याच्या मागे लागतो आणि समोरच्या माणसाला पुन्हा एकदा उत्तरपत्रिका द्यावी लागते. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात लिंगभावाची विसंगती, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव न जुळणे, मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही, समाजातल्या रूढ नैतिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे एवढ्यावरून कुणाला मानसिक आजारी ठरवता येणार नाही, असे म्हटले आहे. तेव्हा क्ष यांच्या कागदावर निदान लिहिले ते चिंता आणि मध्यम तीव्रतेच्या नैराश्याचे. नॉनबायनरी असणे ही त्यांची माहिती म्हणून नोंदवली, तक्रार म्हणून नाही.

वाक्यांची वही

चौथ्या भेटीला क्ष यांनी शंभर पानी वही आणली. त्यात गेल्या कित्येक वर्षांत जमवलेली पळवाटांची वाक्ये होती. 'मी निघतो' किंवा 'मी निघते' याऐवजी 'मला निघायचंय'. 'मी जेवलो' किंवा 'जेवले' याऐवजी 'माझं जेवण झालं'. 'मी विसरले' याऐवजी 'लक्षातून गेलं'. 'मी करू शकते' याऐवजी 'मला जमेल'. 'मी थकले' याऐवजी 'थकवा आलाय'. सकर्मक भूतकाळ सोयीचा, कारण 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद पत्राकडे पाहते, लिहिणाऱ्याकडे नाही. भविष्यकाळ सगळ्यांत मोकळा: 'मी येईन', 'मी सांगेन'. वहीत त्यांनी एका कोपऱ्यात लिहिले होते, 'भविष्यात मला त्रास नाही', आणि त्याखाली हसरा चेहरा काढला होता. वर्तमानकाळ मात्र सापळा. पुस्तकी 'मी जात आहे' चालते, पण गप्पांमध्ये असे बोलणारा माणूस आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा वाटतो; बोलीत 'जातोय' आणि 'जातेय' यांतले एक निवडावेच लागते.

आम्ही एका प्रशिक्षण सत्राचे ध्वनिमुद्रण एकत्र ऐकले. चाळीस मिनिटांत क्ष यांनी 63 ठिकाणी वाक्य मध्येच वळवले होते किंवा गिळले होते. घसा बसलेला ऐकू येतो ते क्षण मी वेगळे टिपले. अकरापैकी नऊ वेळा तो 'मी' आणि क्रियापद यांच्यामधल्या जागेत बसला होता. इंग्रजीत ही जागाच नाही, त्यामुळे इंग्रजी बैठकीत लक्षणही नव्हते.

संशोधक इलान मेयर यांनी लैंगिक अल्पसंख्याकांच्या संदर्भात मांडलेल्या अल्पसंख्याक ताणाच्या सिद्धांतात दोन थर सांगितले आहेत: बाहेरून होणारा भेदभाव, आणि त्याच्या धाकाने माणसाने आत पाळलेली सावधगिरी, म्हणजे नाकारले जाण्याची वाट पाहणे, स्वतःला लपवणे, समाजाचा तिरस्कार स्वतःवर वळवणे. क्ष यांच्या बाबतीत बाहेरचा भेदभाव तुलनेने कमी होता. आतली सावधगिरी मात्र अफाट होती, कारण मराठी बोलणाऱ्याला ती प्रसंगाप्रसंगाला नव्हे तर वाक्यावाक्याला करावी लागते. या सिद्धांताची बहुतेक मांडणी इंग्रजी बोलणाऱ्यांवरून झाली आहे, आणि तिथे सर्वनामांची चर्चा होते ती इतरांनी आपल्याला काय म्हणावे याची. आपण स्वतःला काय म्हणावे यावरच मराठीत गाडी अडते.

याच वहीने मला दुसरी एक काळजी लावली. या पळवाटांमध्ये कर्ता हळूहळू नाहीसा होतो. 'मी ठरवले' ऐवजी 'ठरलं', 'मी नकार दिला' ऐवजी 'नको झालं', 'मी चुकले' ऐवजी 'चूक झाली'. पहिली दोन उदाहरणे पाहा: 'मी ठरवले' आणि 'मी नकार दिला' यांत बोलणाऱ्याचे लिंग येतच नाही, तरीही क्ष यांनी ती टाळली होती. नैराश्यातला माणूसही असाच बोलतो. गोष्टी त्याच्या हातून घडत नाहीत, त्याच्यावर येऊन पडतात. व्याकरण बोलते आहे की आजार, हे सुरुवातीला मला सांगता येत नव्हते. बहुधा व्याकरणातून सुरू झालेली सवय आजाराने उचलली होती. म्हणून पुढच्या दोन महिन्यांचा गृहपाठ असा ठेवला की ज्या वाक्यात लिंग दाखवावे लागत नाही तिथे 'मी' टाळायचा नाही. 'मी सांगितलं.' 'मी नाही म्हटलं.' 'मी ही नोकरी निवडली.' रोज अशी पाच वाक्ये, मोठ्याने. हा गृहपाठ क्ष यांना आधी बालिश वाटला. तिसऱ्या आठवड्यात 'मी नाही म्हटलं' हे वाक्य त्यांनी घरमालकांना प्रत्यक्ष ऐकवले.

छातीवरची पट्टी

सहाव्या भेटीत धाप लागण्याचे एक सरळ कारण कळले, जे मी आधीच विचारायला हवे होते. प्रशिक्षणाच्या दिवशी क्ष छाती सपाट दिसावी म्हणून मुरगळलेल्या पायाला बांधतात ती क्रेप बँडेज करकचून गुंडाळत, पहाटे पाचपासून रात्री परत येईपर्यंत. श्वास घेताना ती पट्टी सैल होत नाही, उलट आवळत जाते. त्यात तीन तास मोठ्याने बोलायचे. धडधडीचा काही भाग मनाचा नव्हताच. बँडेज बंद केली, त्यासाठी मिळणारे खास कापडी बाइंडर घेतले, आठ तासांची मर्यादा घातली, प्रवासात सैल टी-शर्ट. दोन आठवड्यांत धाप निम्म्यावर आली. शरीराचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो म्हणून तो मनाच्या खात्यावर टाकला जातो, ही माझी या प्रकरणातली दुसरी चूक.

कचेरी, कागद आणि घर

कचेरीत सर्वांना सांगण्याची क्ष यांची इच्छा नव्हती. त्यांनी फक्त आपल्या वरिष्ठांना सांगितले. त्या बाईंना फारसे कळले नाही, पण त्यांनी काय हवे ते विचारले. हवे होते ते छोटे होते: प्रशिक्षणाची संहिता 'मी'वरून 'आपण'वर आणायची. 'आता मी ही नोंद भरते' ऐवजी 'आता आपण ही नोंद भरूया'. शिकवण्याच्या मराठीत हे इतके स्वाभाविक आहे की कुणाच्या लक्षातही आले नाही. सप्टेंबरपासून सत्रे पुन्हा सुरू झाली.

ओळखपत्राचाही विचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातील 15 एप्रिल 2014 च्या निकालात (नालसा निकाल) लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 मध्ये संमत झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याच्या मूळ व्याख्येत जेंडरक्विअर, म्हणजे स्त्री-पुरुष या चौकटींत न बसणारे, हा शब्द होता, आणि त्याच ओळीत किन्नर, हिजडा, अरवानी, जोगता या पारंपरिक ओळखीही होत्या. जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळवता आले असते. क्ष यांनी अर्ज भरून पाहिला आणि पाठवला नाही. 'ट्रान्सजेंडर' हा शब्द त्यांना परका वाटत होता, पण खरे कारण घरचे होते.

ऑक्टोबरात आई आल्या. त्यांची भीती जोगत्यांचीच होती. त्यांच्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माला मुले सोडलेली त्यांनी पाहिली आहेत. डोक्यावर देवीचा जग, काखेत परडी, साडी नेसलेला पुरुष दारात जोगवा मागताना. आपल्या मुलीचे असे काहीतरी होईल, निदान लोक तसे म्हणतील, हे त्यांच्या मनात होते. जोगता होणे ही एक वेगळी धार्मिक परंपरा आहे, तिचे दुःख आणि मान दोन्ही वेगळे आहेत आणि क्ष यांच्या बाबतीत तसे काही नाही, हे समजावायला वेळ लागला. लग्नाचा विषय निघालाच. मग मी विचारले की घरी तुम्ही यांना काय म्हणता. त्या म्हणाल्या, 'लेकरू म्हणतो मी. लेकरू आलं, जेवलं, झोपलं. आनि काय म्हनायचं? पर लोकं इचारत्यात, ताई.'

क्ष मान खाली घालून बसले होते, त्यांनी वर पाहिले. कचेरीत एक सहकारी पाठीमागून 'ते आलं बघ' म्हणायचा, त्याने त्यांच्या कितीतरी रात्री खाल्ल्या होत्या. तेच नपुंसकलिंग आई एकतीस वर्षे वापरत होती आणि ते त्यांना कधी खुपले नव्हते. दोन्हींची रूपे अक्षरशः सारखी आहेत. त्या भेटीत मी याहून अधिक काही केले नाही. मायलेकरे बराच वेळ उसाच्या बिलाविषयी बोलत बसली.

पुढचा प्रवास

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये धाकट्या भावाचे लग्न झाले आणि क्ष यांना करवली व्हायचे होते: नऊवारी, नथ, हातात कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या मागे उभे राहणे. त्या आठवड्यात पीएचक्यू-9 चे गुण 7 वरून पुन्हा 12 वर गेले. बऱ्याच वाटाघाटींनंतर नऊवारीच्या जागी सलवार-कुर्ता आणि उपरणे आले, नथ गळाली, कऱ्हा राहिला. भावाच्या मागे उभे राहण्याचा मान क्ष यांना हवाच होता. त्यासाठी कोणत्या वेषात उभे राहायचे एवढाच वाद होता, आणि तो आत्यांशी झाला, आईशी नाही. लग्नाच्या फोटोंतला एकही त्यांनी अजून ठेवलेला नाही.

मे 2023 मध्ये, 22 भेटींनंतर, नियमित उपचार थांबवला तेव्हा पीएचक्यू-9 वर 6 आणि जीएडी-7 वर 7 गुण होते. औषध मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बंद केले. घसा वर्षभरात दोनदाच बसला, दोन्ही वेळा सत्र संपल्यानंतरच्या चहाच्या गप्पांत, कारण तिथे 'आपण' चालत नाही. आता गावाकडच्या माणसांशी आणि काही मित्रांशी क्ष 'मी आलो' म्हणतात. कुणी हसले तर 'कोल्हापूरचं आहे' एवढेच सांगतात, आणि ते खरेही असते. बाकी ठिकाणी पळवाटा चालू आहेत, मात्र वही त्यांनी माझ्याकडे ठेवून दिली आहे.

या टिपणाचा मसुदा क्ष यांना पाठवला तेव्हा त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. पहिली मूळ गावाच्या तालुक्याविषयी होती, ती गोपनीयतेसाठी घेतली. दुसऱ्या जागी मी लिहिले होते, 'आपण नॉनबायनरी आहोत हे क्ष यांनी तिसऱ्या भेटीत मान्य केले.' त्यांनी 'मान्य केले' खोडून 'सांगितले' केले आणि समासात लिहिले, 'मान्य करायला मी कुठे काही नाकारलं होतं?' शेवटी ते सगळे वाक्यच मी काढून टाकले.